वैशाखातल्या तुरीचे वरण

एकदा एका मठात डाळ शिजेना.

डाळ शिजली नाही यात गोष्ट ती काय, असे कोणी म्हणेल. पण बाहेर भुकेली माणसे पाने मांडून बसली आहेत आणि आत दोन तास उकळलेला दाणा बोटांत दाबला तर खड्यासारखा लागतो आहे, ही वेळ ज्याच्यावर आली असेल तो असे म्हणणार नाही.

हा मठ एका बाजाराच्या गावाबाहेर, रस्त्याला लागून होता. रोज दिवेलागणीला तिथे पंगत बसे. वाटसरू, हमाल, म्हातारीकोतारी, जो येईल त्याला भाकरी आणि वरण मिळे; नावगाव कोणी विचारत नसे. मठाचे प्रमुख एक वृद्ध सत्पुरुष होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. चूल भागुबाईंकडे होती, आणि कोठीची किल्ली हरबा नावाच्या शिष्याकडे.

हरबा मुळात त्या पंगतीतच आलेला. काम सुटलेले, घरी तोंड दाखवायची सोय नाही, अशा एका उन्हाळ्यात तो तिथे जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी भांडी घासू लागला, आणि मग राहिलाच. त्यामुळे ही गोष्ट घडली त्या वर्षी पावसाळ्यात मठाचा मोठा दाता गाव सोडून गेला आणि अण्णा म्हणाले, "हरबा, पौषात नवी तूर येईपर्यंत आहे त्या पैशात भागलं तर पंगत चालेल. नाहीतर बंद ठेवावी लागेल," तेव्हा तो तसाच कोठीत जाऊन उरलेले धान्य मापू लागला. पंगत बंद म्हणजे काय, हे त्या घरात त्याच्याइतके कोणाला कळत होते?

तो काटकसरीला लागला. आता काटकसर म्हणजे भाव पाडायचा, एवढेच त्याला ठाऊक. त्याला नावे कशाला ठेवा, आपल्यालाही तेवढेच ठाऊक असते! बाजारच्या दिवशी तो या दुकानातून त्या दुकानात फिरे, नसलेले भाव सांगे, माल चांगला दिसला तरी नाक मुरडे. भुसार मालाचे व्यापारी मलकप्पा शेट यांच्याकडून मठ वर्षानुवर्षे डाळ घेई. त्यांच्या गादीसमोर उभा राहून चार माणसांदेखत हरबा म्हणाला, "शेट, गरिबांच्या तोंडचा घास काढून किती इमले बांधणार?"

शेटनी मागच्या थप्पीतले एक पोते ओढून पुढे केले. मग म्हणाले, "न्या बाबा, तुम्ही म्हणाल त्या भावानं न्या."

हरबा पोते पाठीवर टाकून जग जिंकल्यासारखा परत आला. तीच ही डाळ. भागुबाईंनी ती रात्रभर भिजवली, सोडा घातला, झाकणावर पाणी ठेवले, सरपणाचा अर्धा ढीग चुलीत गेला. डाळ आपली जशीच्या तशी. शेवटी तशीच वाढावी लागली. पंगतीच्या टोकाला बसणाऱ्या, दात नसलेल्या एका आजीने दोन घास चघळून पाहिले, वरण हळूच बाजूला सारले आणि भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली. ती कोणाला काही बोलली नाही. हरबाला मात्र कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखे झाले.

"उद्या बाजारात जातो आणि त्या शेटची अशी शोभा करतो, की पुन्हा कोणाला फसवायचा नाही!" तो अण्णांसमोर जाऊन म्हणाला.

अण्णा म्हणाले, "उद्या मीही येतो. डब्यात वरण घे."

हरबाचा जीव भांड्यात पडला. अण्णा स्वतः ते वरण शेटच्या नाकासमोर धरणार! पण अण्णा पुढे म्हणाले, "ह्या डाळीचं नको. वैशाखात त्यांच्याकडूनच आणलेली तूर होती ना? तळाला उरली असेल थोडी. तिचं करायला सांग. लसणाची फोडणी दे म्हणावं."

हरबाला काही उमजेना. ती डाळ कशीबशी एका वेळेला पुरेल एवढी उरलेली. त्यातून वरण करायचे, आणि ज्याच्याकडे तुरीची पोती छपराला टेकली आहेत त्याला नेऊन द्यायचे? वयोमानाने अण्णांचे चळले तर नाही ना, अशी शंकाही त्याच्या मनाला चाटून गेली. पण गुरूची आज्ञा. डबा घेऊन तो मुकाट्याने मागे निघाला.

हरबाला येताना पाहताच शेटचा चेहरा बदलला. आपण कोणती डाळ दिली ते त्यांना पक्के ठाऊक होते. भांडणाच्या तयारीनेच ते म्हणाले, "एकदा नेलेला माल मी परत घेत नाही, आधीच सांगतो."

"परत द्यायला नाही आलो," अण्णा दुकानाच्या पायरीवर टेकत म्हणाले. "जेवण व्हायचंय ना तुमचं? मग हे घ्या. वैशाखात तुम्ही दिलेली तूर. काय शिजायची हो! एका उकळीत मेण व्हायची. उन्हाळाभर पंगतीत लोक मागून मागून घेत होते. आम्ही मिटक्या मारत खाल्ली आणि तुम्हाला सांगायला काही आलो नाही. शेट, चुकलंच आमचं. आज आलो."

मलकप्पा शेटनी हात धुतले. त्यांनी डबा उघडला, घरून आलेली भाकरी काढली आणि गिऱ्हाइकांसमोरच जेवायला बसले. डबा भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतला.

"अण्णा," ते म्हणाले, "वडलांच्या मागं मी या गादीवर बसलो. खडा निघाला की माणूस येतो. किडा निघाला की येतो. वजनाला कमी भरलं म्हणून बायका रस्त्यावरून ओरडत येतात. पण चांगली शिजली म्हणून सांगायला आजवर कोणी आलं नाही की हो."

मग मान खाली घालून ते म्हणाले, "आणि परवा दिलेली शिजली नसेल."

"नाही शिजली," अण्णा म्हणाले.

"दोन वर्षांची जुनी होती. तुमचा माणूस चारचौघांत जिव्हारी लागेल असं बोलला, मला राग आला. पंगतीत कोण जेवतं ते ठाऊक असून दिली मी. ती परत पाठवा. आणि हे बघा, आता तूर घेऊच नका. नवी येईस्तोवर भाव चढतच जाणार. हुलगे घ्या, त्यांच्या पिठाचं पातळ माडगं करा, निम्म्यात भागेल. वरण हवंच असेल तर गिरणीतून तुटकी डाळ येते, ती न्या. दिसायला बरी नाही म्हणून कोणी हात लावत नाही, पण अख्खीच्या आधी शिजते. भाव काय, मातीमोल."

निम्म्या पैशांत पंगत चालवायची जी वाट आठवडेच्या आठवडे घसा फोडून हरबाला मिळाली नव्हती, ती न मागता समोर आली होती. शेटना वाकून नमस्कार करताना त्याचे डोळे भरून आले.

परतीच्या वाटेवर त्याने विचारले, "अण्णा, शेट असं करतील हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"छे रे! मला काय ठाऊक?" अण्णा हसले. "त्यांनी डबा नुसता परत केला असता, तरी मी खुशीतच घरी आलो असतो. आभार मानायचे राहिले होते, ते मानले. बाकीचं त्यांचं मन."

थोडे चालून गेल्यावर ते सावकाश बोलू लागले. "भाव तू ठरवलास हे खरं. पण हात कोणत्या पोत्यात घालायचा, ते देणारा ठरवतो. तू पैसे वाचवलेस आणि सरपण जाळलंस, डाळ वाया घालवलीस, त्या आजीला पाण्याशी भाकरी खायला लावलीस. भाव जरूर कर, त्यात पाप नाही. पण जिथून आपल्या घरात अन्न येतं, तिथं आपण फक्त तक्रार घेऊन जातो. आलेल्या अन्नाची जाण ठेवली, की ते जपून वापरलं जातं. आणि देणाऱ्यालाही आपली काळजी वाटू लागते. काटकसरीची सुरुवात तिथून होते, बाळा."

हुलगे आणि तुटकी डाळ यांवर मठाने कार्तिक काढला, मार्गशीर्षही काढला. पंगत एकही दिवस बंद पडली नाही. पौषात नवी तूर आली, तीही शेटनी आधी मठाकडे धाडली. हरबा आता न चुकता दुकानी जाऊन डाळ कशी शिजली ते सांगे, आणि आपण शहाणे झालो याचे त्याला मनातून बरेही वाटे.

नव्या तुरीचे पहिले वरण झाले त्या संध्याकाळी तो वाढायचे सोडून पंगतीत जेवायला बसला. पहिला घास घेतला आणि तसाच थांबला. ही अशी चव त्याच्या पानावर किती वर्षे पडत होती! ज्या उन्हाळ्यात जगात आपले कोणी नाही असे वाटत होते, त्या उन्हाळ्यातही हीच होती. तो खरकट्या हाताने उठला आणि चुलीपाशी गेला.

"भागुबाई, वरण..."

भागुबाईंच्या हातातला डाव थांबला. चेहरा पार उतरला. "काय झालं?" त्या घाबरून म्हणाल्या. "मीठ कमी पडलं का?"

इतक्या वर्षांत हरबा चुलीपाशी कसकसल्या तक्रारी घेऊन आला होता, ते सारे त्याला त्या एका प्रश्नात ऐकू आले.

"नाही हो," तो म्हणाला. "मीठ नीट आहे. सगळंच नीट आहे. तेच सांगायला आलो."