कोलेस्टेरॉल नसलेलं तेल

लोणंदच्या बचत गटाच्या खानावळीत तेल विकायला पराडकरसाहेब आले. रुबाबात म्हणाले, "आमच्या पामतेलात कोलेस्टेरॉल शून्य! हृदयाला एकदम सुरक्षित."

अध्यक्षबाई वर्षभराच्या करारावर सही करणार, तोच स्वयंपाक सांभाळणाऱ्या यमुनाबाईंना शंका आली. त्यांनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली.

"साहेब, यात हृदयाला वाईट ती संपृक्त चरबी जवळपास निम्मी आहे. आमच्या शेंगदाणा तेलात कितीतरी कमी असते."

"पण कोलेस्टेरॉल शून्य आहे ना!"

"शेंगदाणा तेलात किती असतं?"

साहेब चाचरले. "तसं... वनस्पतींच्या कुठल्याच तेलात नसतं."

"असं होय! मग उद्यापासून मीही पाटीवर लिहिते, 'आमच्या भेंडीत हाडं शून्य!'"

बायका खो-खो हसल्या. अध्यक्षबाईंनी करार सहीविनाच साहेबांच्या हातात परत दिला.