राणीच्या खिडकीखालचं परकं झुडूप

एका राज्यात राजवाड्याची भिंत आणि वस्तीची भिंत एकच होती. त्या भिंतीला लागून गोजरा नावाची बाई राही. नवरा नगारखान्यात नगारा वाजवी आणि बाई भिंतीवरून डोकावी. कोणाकडे पाहुणा उतरला, कोणाची सून कुठल्या गावची, सगळं तिला ठाऊक. वाईट हेतू नव्हता हो. माणसांची आवडच तशी.

त्या राज्याचा राजा धैर्यकेतू. त्याची राणी कुमुदा दगड होत चालली होती. बारा वर्षांपूर्वी पावलं दगडाची झाली, पुढे गुडघे, पुढे कंबर. आता दगड गळ्याशी आला होता. कारण कोणालाच सांगता येईना. राजा रोज तिच्यापाशी बसे, बरं वाटतं का एवढं विचारी, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून उठून जाई.

पौष महिना होता. हिवाने सारी बाग करपली होती. गोजरा सकाळी पालथ्या घंगाळावर चढून भिंतीपलीकडे बघते तो काय, राणीच्या खिडकीखाली कमरेएवढं झुडूप, आणि अंगभर फुलं! तांब्याच्या रंगाची, घंटेसारखी लोंबती, आत निळी जीभ. पानं वासराच्या कानासारखी मऊ.

“अगं बाई!” गोजरा म्हणाली. “तू अबोली नाहीस, कोरांटी नाहीस, तगर तर नाहीसच. मग कोण गं तू? आणि एवढ्या थंडीत?”

इतक्यात बागेत राजा आला, आणि त्याच्यासोबत कपालसिद्ध. हा मोठा मांत्रिक, राजाच्या उजव्या हाताला बसणारा.

“महाराज,” कपालसिद्ध म्हणाला, “हिवात फुललेलं परकं झाड. अपशकुन आहे. मुळासकट उपटा.”

“उपटा,” राजा म्हणाला.

माळी कुदळ घेऊन पुढे झाला. गोजरा लुगड्याचा काचा मारून भिंतीवरून थेट बागेतच उतरली.

“थांबा! दारी नवीन कोणी आलं तर आधी विचारपूस करतात की कुदळ घालतात?”

तेवढ्यात फुलातून अंगठ्याएवढा निळा पक्षी बाहेर आला, चोच पुसली आणि म्हणाला, “बाई बरोबर बोलते. हे झाड राणीच्या माहेरचं. बी मी आणलं.”

“कुठलं माहेर?” राजाने विचारलं.

पक्षी म्हणाला, “ते माझ्या तोंडून निघणार नाही. तुम्हीच सांगा.”

राजाने माळ्याकडे पाहिलं, माळ्याने दासीकडे. वऱ्हाड घेऊन राजा स्वतः गेला होता. पण कुठे गेला होता, ते त्याला आठवेना.

गोजरा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “महाराज, राणीसाहेब लग्न होऊन आल्या तेव्हा ओवाळायला मी पुढे होते. मी माहेर विचारलं नसेल? मी? गवळ्याच्या नव्या म्हशीचं गाव सांगते मी, आणि राणीचं माहेर मला ठाऊक नाही! हे विसरणं नाही. ही करणी आहे.”

“करणीच,” पक्षी म्हणाला. “राणीच्या आईने एक पेटी दिली होती. कपालसिद्धाने ती मागितली. राणी नाही म्हणाली. त्याने शाप दिला, की तुझं माहेर तूही विसरशील, जगही विसरेल, आणि तू दगड होशील.”

शिपाई कपालसिद्धावर धावले. त्यांचे भाले मेणासारखे वाकले.

“सूर्य माथ्यावर आला की दगड ओठांशी पोचेल,” कपालसिद्ध शांतपणे म्हणाला. “मग संपलं.”

पक्ष्याने तीन कामं सांगितली. झाडाला पाणी घालायचं, पण ज्या हातांनी कधी पाणी शेंदलं नाही अशा हातांनी. खजिन्यातली ती पेटी उघडून आतलं आणायचं. आणि राणीला असा प्रश्न विचारायचा, जो बारा वर्षांत तिला कोणी विचारला नाही.

राजा विहिरीवर गेला. पहिल्यांदा दोर सुटला. दुसऱ्यांदा राजाच अर्धा आत गेला.

“अहो महाराज, ती तलवार नाही! पाय रोवा, हातावर हात घ्या,” गोजरा ओरडली. तिसऱ्यांदा अर्धी बादली वर आली. झाडाला तेवढी पुरली.

पेटीसाठी गोजरा खजिन्यात गेली. तिथे पेटीभोवती पितळी नाग वेटोळं घालून होता.

“कशाला आलीस?” नागाने विचारलं.

“बघायला.”

“न्यायला नाही?”

“माझ्या घरात ठेवायला जागा कुठाय बाबा? राणीच्या आईने काय दिलं, एवढं बघू दे. जीव वरखाली होतोय.”

“आजवर आले ते सगळे न्यायला आले,” नाग म्हणाला आणि वेटोळं सोडलं.

पेटीत सोनं नव्हतं, मोती नव्हते. फडक्याच्या गाठीत मूठभर तांबडी माती होती.

“हात्तिच्या!” गोजरा म्हणाली. मग तिने माती हुंगली, आणि आवाज हळू केला. “नागोबा, ही राणीला देऊ का?”

“जिची आहे तिला दे.”

पक्ष्याने सांगितलं तशी गोजराने ती माहेरची माती झाडाच्या मुळाशी घातली, तसं झुडूप सरसर वाढलं आणि फुलांसकट राणीच्या खिडकीत शिरलं. सूर्य माथ्यावर यायला हातभर राहिला होता. दगड राणीच्या हनुवटीला लागला होता.

“कुमुदा, बरं वाटतं का?” राजाने विचारलं.

“हे रोज विचारता,” पक्षी म्हणाला.

“तुला काय हवं?”

“हे वैद्यांनी विचारलं.”

राजाने घाबरून गोजराकडे पाहिलं. ती पुढे वाकली. “अहो, नवी सून पाणवठ्यावर आली की आम्ही बायका पहिलं काय विचारतो?”

राजा गुडघ्यांवर बसला. राणीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “कुमुदा, तुझं माहेर कुठलं गं?”

फुलाचा वास राणीच्या नाकाशी गेला. मग ओठ हलले.

“हे झाड,” राणी म्हणाली, “आमच्याकडे कुंपणाला असतं. शेळ्या याला तोंड लावत नाहीत. घाट उतरलं, दोन नद्या ओलांडल्या, की कुंपणच कुंपण तांबडं दिसतं. तिथली मी. सोनघाटची.”

दगड वाळल्या चिखलासारखा तडकला आणि गळून पडला. कपालसिद्ध जागच्या जागी तिळाएवढा झाला. पक्ष्याने त्याला चोचीत धरलं, सात समुद्रांपलीकडे टाकलं आणि जेवायच्या वेळेला परतला.

राणी बोलतच राहिली. धाकट्या भावाची खोडी, नदीवरचा लाकडी पूल, आईच्या हातच्या भाकरीचा करपट पापुद्रा. सावल्या लांबल्या, दासींनी दोनदा पानं वाढून झाकली, ऐकणारे उठेनात.

“आणि आईंचं नाव?” राजाने विचारलं.

“भिमाई,” राणी म्हणाली.

राजाने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मेणा सजला, आणि वाट सगळ्यांनाच आठवत होती.

राणीला तिची वाट सापडली, राजाला बोलणं सापडलं. तुमच्याही घरात दुरून आलेलं कोणी असेल, त्याचं कुंपण सदा फुललेलं राहो.