धाकट्या राउटरची आस

फार पूर्वी, अवजारांनाही मन होते त्या काळी, दत्तोबा मेस्त्रींच्या फळीवर लाकडाच्या कडा गोल करणारे दोन राउटर नांदत होते. थोरल्याला रोज काम मिळे. धाकट्याला खंडेनवमीचे हळदकुंकू तेवढे लाभे. तो मनोमन झुरे, “देवा, पूजा पुरे झाली; आता सेवा दे.”

एकदा विमलताई सुतारकाम शिकायला आल्या. देवांसाठी चौरंग घडवायचा, ही त्यांची पहिलीच हौस.

“मेस्त्री, तो दांडगाच द्या!”

“न्या की, ताई. पण आधी पेलून तर बघा.”

थोरला धाकट्याला म्हणाला, “वाटीएवढ्या, तू बस इथेच!”

ताईंनी थोरल्याला चालू करताच तो असा उसळला, की चौरंगासाठी घेतलेल्या सागाच्या पाटाची कड कुरतडली गेली.

“मेला, मलाच ओढून नेतोय!” म्हणत त्यांनी त्याला खाली ठेवले आणि धाकट्याला मुठीत घेतले.

धाकट्याने मनाशी म्हटले, आता चुकलो, तर जन्मभर फळीच! ताई भीत भीत हात सरकवू लागल्या. तोही त्यांच्या चालीने चालला. कड गुळगुळीत उतरली.

“हाच द्या, मेस्त्री. हा माझं ऐकतो.”

धाकट्याला हात असते, तर त्याने जोडले असते. ते नव्हते, म्हणून तो सागाच्या अंगावर नुसता गुणगुणत राहिला.