सुगरणीसाठी मागितलेला आषाढवारा

सोनबनात उन्हाचे कवडसे पिवळ्या पाकळ्यांसारखे गवतावर सांडत आणि इवल्या इवल्या निळ्या फुलपाखरांची झुंबड उडे. तिथंच फणसाखाली बकुळा नावाची मुलगी आईसोबत राहायची. चार काठ्या आणि वर पळसाची पानं, एवढंच काय ते घर. मागच्या पावसाळ्यात ते इतकं गळलं की आई आजारी पडली, पावसाळाभर अंथरुणावरून उठली नाही. आता पुन्हा पाऊसकाळ तोंडावर आला होता. यंदा धड छप्पर मिळालं नाही तर आईचं काही खरं नव्हतं.

गंमत अशी, की साऱ्या बनाला घरं शोधून देणारी हीच बकुळा. खारीला ढोली, बेडकाला ओलसर कपार. ज्याचं घर ठरे तो मूठभर दाणे किंवा बोरं देई. एक गोगलगाय मात्र येता-जाता घरं बघायला यायची, स्वतःचं घर पाठीवर घेऊन! बाकीचे फिदीफिदी हसत. बकुळा हसत नसे. "या आजी, ही ढोली बघा, सकाळचं ऊन येतं," असं म्हणून ती सगळं नीट दाखवी. घेणारा आणि नुसता बघणारा, तिला दोघं सारखेच. त्या गोगलगायीनंच एक दिवस सुगरणीला तिचं नाव सांगितलं.

सुगरण आली ती तोऱ्यात. "काय गं बकुळे, तूच ना ती घरंवाली? आमच्या गणगोताला झाड हवंय. पाण्यावरची जागा हवी. पसंत पडलं ना, तर तुझ्या आईचं छप्पर आम्ही सगळे मिळून असं विणू, की थेंब आत यायचा नाही. संध्याकाळी दाखव. आणि उशीर नको हं, मला अंडी घालायची आहेत!"

तशी जागा एकच होती. विहिरीवर झुकलेली बाभळीची फांदी. तिच्यावर हळदीच्या गोळ्यांएवढी मऊमऊ फुलं डुलत, खाली हिरवंगार पाणी चमचम करी. पण बकुळाला एक गोष्ट ठाऊक होती. आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की ती फांदी विहिरीच्या दगडी खांबावर आपटते. आत्ता वारा पडलेला, त्यामुळे कुणाला शंकाही यायची नाही.

ती झाडाखाली आली तर बुंध्यावरच्या डिंकात काहीतरी लुकलुकत होतं. टिकलीएवढी परी! तिचा मोरपिशी पंख चिकटला होता. बकुळानं ओंजळीतून पाणी आणून पंख हळूहळू सोडवला.

"गुणाची गं माझी बाय!" परी किणकिणली. "एक इच्छा देते. पण नियम आहेत हं. स्वतःसाठी मागायचं नाही. मागताना गिऱ्हाईक समोर हवं. आणि पहिली चांदणी उगवली की जादू संपली."

"तेवढ्या वेळात काय मागता येईल?"

"म्हटलंस तर ही फांदी रत्नांनी लखलखेल. सुगरण बघताक्षणी हो म्हणेल."

बकुळानं फांदीकडे पाहिलं. तिला आईची ओली गोधडी आठवली. मग आषाढवाऱ्यात त्या फांदीवर हेलकावणारी घरटी डोळ्यांसमोर आली, आणि आतली इवलीशी अंडी.

ऊन केशरी झालं तशी सुगरण आली. फांदीवर झोका घेऊन म्हणाली, "अगं बाई, किती देखणी! ठरलं बघ."

"थांबा काकू." बकुळानं डोळे मिटले. "परी, आषाढातला वारा आत्ता वाहू दे."

घोंघावत वारा आला. पिवळी फुलं भुरभुर उडाली. फांदी खांबावर आपटली, धाड! पुन्हा धाड! सुगरण कापसासारखी उडाली आणि ओढ्याकाठच्या एका काळ्या, काटेरी शिंदीच्या झावळीला जाऊन लटकली.

"मेले गं! हे काय दाखवतेस मला? घर विकायची ही रीत झाली?"

"आषाढात असंच होतं काकू. आत्ता पाहिलंत ते बरं. तिथं अंडी राहिली नसती. माझ्याकडे दुसरी जागा नाही."

सुगरण तणतणत होती, पण लटकल्या लटकल्या तिचं तणतणणं कमी होत गेलं. ती इकडून तिकडे झुलत होती, पण आपटत नव्हती. खाली ओढ्याचं पाणी, आणि असल्या काट्यांतून साप तरी कशाला वर चढतोय!

"बकुळे, ही शिंदी कुणी घेतलीय का गं?"

"तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही काकू."

"मग न बघोत! आमची झाली. आणि उद्यापासून तुझं छप्पर."

दुसऱ्या दिवशी पिवळ्या टोप्यांचं अख्खं गणगोत फणसावर उतरलं. किलबिलाट, भांडणं, गवताची ओढाओढ! दाट, सोनेरी छप्पर तयार झालं. पाऊस कोसळला, आणि आई कोरड्या गोधडीत शांत झोपली.

पाऊस उघडला त्या सकाळी परी आली. "बक्षीस द्यायला आले होते," ती छप्पर न्याहाळत म्हणाली, "पण इथं मला काही कामच ठेवलं नाहीस." ती खुदकन हसली, तिच्या पंखांतून गुलाबी-रुपेरी उजेड फुटला, साऱ्या बनभर पसरला आणि परी त्यातच विरघळून गेली.

उजेड ओसरला तेव्हा दारात एक मुंगूस उभं होतं. "बाई, घर हवंय. पण आधी त्यातलं वाईट काय ते सांगायचं."

"चला," बकुळा म्हणाली, "वाटेत सांगते."