झाकलेले ताट

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या एका लहानशा ख्रिस्ती वस्तीत एकदा एक वृद्ध पाळक राहत असत. भजनाला बसले म्हणजे त्यांचा आवाज अजूनही खणखणीत लागे. उपदेश मात्र ते इतका थोडका करीत, की नवख्याला वाटावे, आत्ता कुठे आरंभ झाला आणि एवढ्यात आमेनही. त्यांच्यापाशी शांतवन नावाचा एक शिष्य उपदेशकाचे शिक्षण घेत होता. बुद्धी तीक्ष्ण, वाणी शुद्ध, आणि पहाटेची प्रार्थना त्याने कधी चुकविली नव्हती.

येत्या रविवारी त्याची सेवादीक्षा व्हावयाची होती. त्या विधीत पाळक साऱ्या मंडळीसमक्ष शिष्याला एकच प्रश्न विचारीत, "प्रभूचा सहवास तू स्वतः अनुभवला आहेस काय?" उत्तर 'होय' आले, तरच त्याच्या मस्तकावर हात ठेवला जाई.

शनिवारी दुपारी शांतवन गुरूंपुढे येऊन उभा राहिला. वळकटी बांधून झाली होती.

"गुरुजी, मला जाऊ द्या. तीन वर्षे मी डोळे मिटून त्याची वाट पाहिली. प्रार्थनेत कोणाला अश्रू येतात, कोणाला वाणी ऐकू येते. मला मात्र डोळ्यांपुढे केवळ अंधार दिसतो. उद्या होय म्हणालो, तर ते वेदीपुढे खोटे बोलणे होईल. नाही म्हणालो, तर आपली मान खाली जाईल."

"खोटे मुळीच बोलू नकोस," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आणि माझ्या मानेची चिंता करू नकोस, ती वयाने तशीही वाकलीच आहे. जायचे तर जा. पण वाट लांबची आहे, जेवून जा."

पाळकांच्या घरचा स्वयंपाक मंडळीतल्याच सगुणामावशी करीत. त्यांनी दोन ताटे वाढून आणली. गुरुजींनी खूण करताच शांतवनने हात जोडले, डोळे मिटले आणि नित्याप्रमाणे प्रार्थना आरंभिली. अन्नासाठी आभार, पाऊसपाण्यासाठी आभार, राजा आणि रंक यांच्यासाठी विनवणी. प्रार्थना सुंदर होती, पण आटोपत नव्हती.

"गार होतंय," मावशी दारातून पुटपुटल्या.

आमेन म्हणून त्याने डोळे उघडले, तो त्याच्या ताटावर एक रिकामे ताट पालथे घातलेले आणि त्यावर गुरुजींचा हात.

"ताटात काय वाढले आहे?" गुरुजींनी विचारले.

"भाकरी," शांतवन म्हणाला. "आणि भाजी."

"कसली?"

तो गोंधळला. "वांग्याची असावी."

"अरे देवा!" मावशींनी कपाळाला हात लावला. "वांग्यानं पोटात आग पडते म्हणून आल्या आल्या तूच सांगितलं होतंस ना? त्या दिवसापासून तुझ्या ताटात वांगं पडलेलं नाही. दुधी आहे, बाळा."

"ज्यासाठी तू एवढे आभार मानलेस, ते काय आहे हेच तुला ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "पुन्हा प्रार्थना कर. या खेपेस डोळे उघडे ठेवून."

"उघडे ठेवून?" शांतवन दचकला. "गुरुजी, रविवारच्या शाळेत याच अपराधासाठी बाईंनी माझा कान पिळला होता!"

"मग तुझे उघडे आहेत, हे बाईंना कसं कळलं रे?" मावशी हसून म्हणाल्या.

गुरुजींनी वरचे ताट उचलले. शांतवन पाहू लागला. गुरुजींच्या वाटीतल्या भाजीवर तिखटाची लाल तर्री होती. त्याच्या वाटीतली फिकी, पिवळसर.

"आज दोन भाज्या?"

"रोजच दोन," मावशी म्हणाल्या.

भाकरीची कड एकीकडे जाड, एकीकडे पातळ होती. मध्ये बोटांचे ठसे उमटले होते. त्याने मान वर करून पाहिले. मावशींच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती.

"मावशी, हाताला काय झालं?"

"परवा तव्याची कड लागली. डाव्या हातानं थापल्यात, म्हणून अशा नकाशासारख्या झाल्यात. कालच्याही अशाच होत्या. तू कुठं बघतोस!"

"हे प्रभू, या अन्नासाठी..." एवढे म्हणून शांतवन थांबला. आजवर आपोआप येणारे पुढचे शब्द आले नाहीत.

गुरुजी बोलू लागले. "आपला प्रभू कितीतरी वर्षे एका खेड्यात सुतारकाम करीत होता. शेजारी त्याच्याकडून बैलांचे जू करून नेत असतील, मोडका नांगर सांधून नेत असतील. आणि त्यांतलेच कित्येक प्रार्थनेला जाऊन आळवीत असतील, 'देवा, तू कधी येशील?' रंध्याचा आवाज तर गल्लीतच येत होता. मावशींची माया मावशींचीच, ती मी हिरावून घेत नाही. पण रोज चुलीपुढे त्यांच्या मनात तुझी आठवण जागी करणारा कोण? तो आला नाही, असे तू म्हणतोस. तो रोज जेवणवेळेला येत होता. तू डोळे मिटून त्यालाच हाका मारीत होतास."

"म्हणजे डोळे मिटणे चूक?"

"चूक नव्हे. मिटण्यापूर्वी नीट पाहून घ्यावे, म्हणजे मिटल्यावर अंधार राहत नाही."

"आता जेवा दोघं," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्यांदा गार केलीत."

शांतवन सावकाश जेवला. त्या दुपारी तो गेला नाही.

रविवारी मंदिर भरले होते. गुरुजींनी प्रश्न विचारला. शांतवन साऱ्या बाकांवरून इतकी सावकाश नजर फिरवीत राहिला, की कुजबुज सुरू झाली.

"होय," तो अखेर म्हणाला. "अनुभवला आहे. ओळखला मात्र काल."

गुरुजींनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. मागे बायकांच्या बाकावर सगुणामावशींनी पदराने डोळे टिपले आणि त्या शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "बोलला बरं. पण सकाळपासून उपाशी आहे गं पोरगं."