बांधावरची घागर

“बाबा, हे काय चालवलंय तुम्ही?”

हैबती पाथरवटानं नूरशाह फकिराला भर बांधावर गाठलं. म्हातारा उगवतीकडच्या पाण्यात घागर बुडवायचा, बांध आडवा ओलांडून मावळतीकडच्या पाण्यात ती रिकामी करायचा आणि पुन्हा माघारी वळायचा. सकाळपासून हेच.

“दिसतंय की,” नूरशाह म्हणाला. “पाणी नेतोय.”

“तळ्यातलं पाणी तळ्यातच?”

“हं...”

हैबतीला हसू आलं आणि रागही. उद्या गुढीपाडवा. उद्या या बांधावरून पहिली बैलगाडी तळं ओलांडणार होती. माणसं हाताशी घेऊन बारा वर्षं तो दगड रचत आला, तेव्हा कुठं अलीकडचं गाव पलीकडच्या बाजाराला जोडलं गेलं. पंचक्रोशीत त्याचं नाव झालं होतं. आणि ज्याच्या पायाशी बसून तो लहानाचा मोठा झाला, त्याच गुरूनं ऐन वेळी लोकांत आपलं हसं करून घ्यावं म्हणजे काय!

“बाबा, उद्या पहिल्या गाडीत तुम्हीच बसायचं. जरा दमानं घ्या.”

“बसेन की. पण तुझ्या बांधात फट कुठं आहे रे?”

“फट?” हैबतीची छाती फुगली. “एक दाखवा. मुंगी शिरायची नाही. दिवाळीत शेवटचा दगड बसला, तेव्हापासून इकडचा थेंब तिकडं गेलेला नाही.”

“म्हणूनच नेतोय,” म्हातारा म्हणाला.

हैबतीनं मावळतीकडं पाहिलं. ओढे सगळे उगवतीच्या अंगाला मिळत होते. इकडं पाण्यावर हिरवी साय धरली होती, काठाला मासे मरून लागले होते... रोजच तो हे पाहत होता आणि रोज नजर वळवत होता.

“घागरीनं तळं जगतं होय, बाबा?”

“नाही जगत.”

“मग?”

नूरशाह दगडावर टेकला. हैबतीही शेजारी बसला.

“तू सात वर्षांचा होतास. आईची होडी उलटली, तेव्हा काठावर उभा राहून तू पाण्याला दगड मारत होतास. आठवतं?”

हैबतीनं मान हलवली.

“मी तुला उचलून आणलं. हात सोलवटले होते तुझे. तरी मुठीतला दगड सोडला नव्हतास.”

“लोक बुडू नयेत म्हणून बांधला मी हा!” हैबतीचा आवाज चिरकला.

“खरंय पोरा. आता कुणाची आई बुडायची नाही. हे पुण्य तुझंच.” म्हाताऱ्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “पण पाणी आरपार जायला मोरी का नाही ठेवलीस? ठाऊक नव्हतं?”



ठाऊक होतं. पाथरवटाच्या पोराला मोरी ठाऊक नसेल? पण या तळ्याला वाट द्यायची नाही, हे त्यानं सातव्या वर्षीच ठरवलं होतं. हैबतीला भरून आलं. गुरूसमोर तो लहान पोरासारखा रडला.

“तीन जागी फोडावा लागेल,” डोळे पुसत तो म्हणाला. “वर लांब शिळा घालायच्या. दोन महिने तरी गाडी जायची नाही. लोक म्हणतील, हैबती चुकला.”

“म्हणतील.”

“आणि तोवर हे पाणी?”

म्हाताऱ्यानं कंबर चोळली आणि घागर शिष्याच्या हातात दिली.

“तोवर तू ने. ओत मात्र हळू... फेकायचं नाही.”