चांदमारीची भिंत

संस्थानात नेमबाजीच्या सरावासाठी नवी चांदमारी उभी राहिली आणि गावभर एकच धांदल उडाली. पहिली गोळी खुद्द महाराज झाडणार होते! पण निशाणांमागची भिंत पाहून जमादार धुमाळ चपापले. नकाशातला मातीचा बांध रद्द करून दिवाण त्रिंबकपंतांनी घोटीव काळ्या दगडाची भिंत बांधली होती.

"दिवाणसाहेब, इथे मातीच हवी."

"महाराजांपुढे मातीचा ढीग? दगडातून गोळी आरपार जाईल की काय?"

"जाणार नाही, तीच तर भीती आहे!"

दिवाण खो खो हसले. तेवढ्यात महाराजांनी बंदूक उचलली. धुमाळ धावतच पुढे झाले आणि त्यांनी खिशातून टेनिसचा चेंडू काढला.

"सरकार, एक विनंती. आधी दिवाणसाहेबांनी हा चेंडू भिंतीवर मारावा. अगदी जोरात!"

दिवाणांनी तोऱ्यात चेंडू भिरकावला. तो भिंतीवर आपटून तस्साच उलटा आला आणि दिवाणांची पगडी उडाली!

धुमाळांनी पगडी उचलली, झटकली आणि अदबीनं पुढे केली.

"चेंडू होता म्हणून पगडीवर भागलं. गोळी असती, तर ही पगडी ठेवायला डोकं कुठून आणलं असतं?"

महाराजांनी बंदूक खाली ठेवली.

"माती आणा! आणि पहिली पाटी दिवाणांच्या डोक्यावर द्या. पगडी उतरलेलीच आहे."